दीड बोट पुढे सरकलेली बाही

नोरीन हॅलिवेलच्या हातांना चूक आधी दिसायची, डोळ्यांना मागून. हेदरक्लफच्या शर्टाच्या कारखान्यात तिने एकेचाळीस वर्षं बाह्या जोडल्या. कॉलर एक बाई करायची, काजं दुसरी, खिसे तिसरी. नोरीनकडे फक्त बाह्या. दिवसाला तीनशे जोड. एक बाही दुसरीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी जरी पुढे गेली तरी तिचा अंगठा आपोआप थांबायचा, कापड मागे ओढायचा, आणि मग तिला कळायचं की आपण काहीतरी दुरुस्त केलं. कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रं लॉरीत चढवून कुठल्याशा लांबच्या देशात नेली. अंगठा तिच्यापाशी राहिला.

तो अंगठा घेऊन ती टॅनर्स रो गल्लीच्या टोकाला असलेल्या संग्रहालयात गेली. संग्रहालय म्हणजे गिरणी कामगारांची तीन जुनी घरं, मधल्या भिंती पाडून एक केलेली. मागच्या अंगणात धुण्याची खोली. आधी तिला शाळेच्या सहलीतल्या मुलींसाठी जुन्या पद्धतीचे एप्रन शिवायला सांगितलं. ते झाले. मग तिला वाटलं, एप्रनच्या खाली काय असायचं? मग ती खाली खाली जात राहिली. परकर, त्याखाली दुसरा परकर, कंबर आवळणारं कॉर्सेट, त्याखाली सुती सदरा. सगळं हाताने शिवायचं आणि शिवून झालं की स्वतः घालून काम करायचं. दर शनिवारी ती दीडशे वर्षांपूर्वीची बाई होऊन जिना घासायची.

पुस्तकातून तिला थोडंच कळलं. बाकीचं अंगाला कळलं. बूट आधी बांधायचे, कॉर्सेट नंतर. उलटं केलं तर बुटाच्या नाड्या बांधायला शेजारीण बोलवावी लागते. वरचा झगा क्वचितच पाण्यात घालायचा, रोज धुवायचा तो आतला सदरा, कारण घाम तो पितो. आणि कॉर्सेट घातल्यावर बाई बेशुद्ध पडत नाही. उलट पाठीला टेकायला भिंत मिळते. बारा वर्षं दुखणारी नोरीनची कंबर शनिवारी दुखत नसे.

एकदा सहलीबरोबर आलेल्या शिक्षिकेने तोंड वाकडं करून विचारलं, "किती छळ हो हा बायकांचा! श्वास तरी घेता येतो का?"

"अहो, मी यात जिना घासते," नोरीन म्हणाली. "तुम्ही त्या तंग पँटीत उकिडवं बसून दाखवा बघू."

पोरी खिदळल्या. शिक्षिका बसली नाही.

ही झाली नोरीन. आता त्या झग्याबद्दल.

संग्रहालयाच्या माळ्यावर दोनशेच्या वर कपडे होते. त्यातले बहुतेक लग्नातले. माणसं रेशीम जपून ठेवतात. जे रोज अंगावर असतं ते फाटतं, मग त्याची पोरांसाठी दुपटी होतात, मग लादी पुसायची फडकी, आणि शेवटी काहीच नाही. त्या दोनशेंमध्ये काम करणाऱ्या बाईचा म्हणावा असा झगा एकच होता. तपकिरी सुती, त्यावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, १८५५ च्या आसपासचा. ह्याच गल्लीतल्या कुठल्यातरी घरातल्या पेटीत सापडलेला. कुणाच्या घरात, ते लिहून ठेवायचं राहिलं होतं. नोरीन अधूनमधून माळ्यावर जाऊन त्याचं खोकं उघडायची. काही करायची नाही. उघडायची, बघायची, झाकण लावायची.

मार्च महिन्यात माळ्याला ओल आली. एक तृतीयांश वस्तू काढून टाकाव्या लागतील असं ठरलं, आणि काय ठेवायचं ते सांगायला परगण्याच्या मोठ्या संग्रहालयातून फिलिपा कार्डवेल आली. वय तिशीचं, पातळ सोनेरी केस, पाठीवर पिशवी. जुन्या कपड्यांवरच तिने डॉक्टरेट मिळवली होती. दोन दिवसांत तिने दोनशे खोकी उघडली आणि यादी केली. समितीच्या बैठकीत अध्यक्ष क्लिफर्ड एन्टविसलने ती वाचून दाखवली. क्लिफर्ड नोरीनच्या शाळेत एक वर्ष पुढे होता. नंतर बसगाड्यांचा तपासनीस झाला, आणि अजूनही कोणताही कागद तिकिटासारखा दोन्ही बाजूंनी बघायचा.

"क्रमांक एकशे बारा," त्याने वाचलं. "तपकिरी सुती झगा. शिलाई बेढब. दोन्ही बाह्या वेगवेगळ्या बसवलेल्या. घेर पुढून आखूड, मागून लांब. बहुधा नंतरच्या काळातल्या हौशी नाटकाचा पोशाख. ठेवण्याची गरज नाही."

नोरीन खिडकीजवळ बसली होती. तिने हातातला चहा खाली ठेवला.

"नाटकाचा नाही तो."

"नोरीन, अगं ह्यांनी अभ्यास केलाय..."

"क्लिफर्ड, नाटकाच्या पोशाखाचं अस्तर कुणी पाच वेळा ठिगळ लावून दुरुस्त करतं का? अस्तर कुणाला दिसतं? पडद्यापुढे बसलेल्यांना?"

फिलिपा शांतपणे म्हणाली, "ठिगळं मीही पाहिली. पण ते कापड आधी कुठल्या दुसऱ्या कपड्याचं असू शकतं. जुना झगा उसवून नाटकासाठी पुन्हा जोडला असेल. बाह्यांचं काय म्हणाल तुम्ही? रोजचे कपडे स्वतः शिवणाऱ्या बाईला बाही सरळ लावता येणार नाही?"

खरं म्हणजे त्या बाहीची नोरीनलाही लाज वाटायची. उजवी बाही मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या जोडावर, दीड बोट पुढे सरकलेली, काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा कसाबसा कोंबलेला. डावीला तसं काही नाही. जीव लावलेल्या माणसाच्या जेवायच्या पद्धतीची वाटावी तशी लाज. खोकं उघडल्यावर ती उजवी बाही खाली दुमडून ठेवायची.

"थकलेली असेल," ती म्हणाली. "माणूस थकतं."

"ते कागदावर लिहिता येत नाही," फिलिपा म्हणाली. त्यात कुचेष्टा नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

"मला मे महिन्याचा पहिला शनिवार द्या," नोरीन म्हणाली. "त्या दिवशी आपला धुण्याचा कार्यक्रम असतो. मी हुबेहूब असाच झगा शिवते आणि दिवसभर त्यात काम करते. हा कामाचा झगा आहे की नाही ते अख्ख्या गावाला दिसेल. नाही दिसलं तर न्या तुमचा एकशे बारा."

क्लिफर्डने फिलिपाकडे पाहिलं. फिलिपाने खांदे उडवले. "मी येईन बघायला," ती म्हणाली.

बाहेर पडताना बेरिलने तिला गाठलं. बेरिल संग्रहालयाचं चहाचं दुकान चालवायची. त्याआधी वीस वर्षं तिने कारखान्यात नोरीनच्या शेजारी कॉलर लावल्या होत्या.

"तुझ्या जिभेला कात्री लावायला पाहिजे, बये. सहा आठवड्यांत हाताने झगा?"

"पाच आठवड्यांत. एक आठवडा वापरून बघायला नको?"

"आणि नाही जमलं तर?"

"बाही मला जमणार नाही?" नोरीन हसली.

तिने मूळ झगा पांढऱ्या चादरीवर पसरला आणि तीन दिवस मापं घेतली. कापड मिळालं तसंच तपकिरी, ठिपका थोडा मोठा. मग ती समोरच्या खोलीतल्या खिडकीत बसून शिवत राहिली. एका इंचात बारा टाके. कमरेच्या चुण्या एकशे चाळीस, एकेक मोजून. तिचा नवरा टेड नऊ वर्षांपूर्वी गेला होता. तो असता तर म्हणाला असता, मशीन आहे ना घरात, आणि मग तिच्यासाठी सुयांत दोरे ओवत बसला असता. आता ती सकाळी उठल्या उठल्या वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची.

अस्तराला तिने ठिगळंसुद्धा लावली, जिथल्या तिथे. ह्या कामात ती कुठे कमी पडली नाही. एवढंच झालं की बाह्या लावायची वेळ आली तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या, बाहेर ऊन पडलं होतं, आणि एका सकाळी दोन्ही बाह्या लावून झाल्या. सरळ. आरशातल्यासारख्या एकसारख्या. घेरही खाली पावलाभोवती सारखा, एका रेषेत. टाके संपवून तिने झगा दारामागे टांगला तेव्हा तिला दिसलं की आपण बाह्या मापाप्रमाणे लावलेल्या नाहीत.

मग तिने मनाशी म्हटलं, बरंच झालं. त्या बाईला तेच करायचं होतं, जमलं नाही. मी तिचं काम पुरं केलं.

कार्यक्रमाच्या आधीच्या बुधवारी संग्रहालयाला सुट्टी होती. नोरीनने झगा घातला, आणि धुण्याच्या खोलीत बेरिलला साक्षीला बसवलं. बेरिलने बरोबर बटाट्याची पाई आणली होती.

धुण्याच्या खोलीत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. दोन हातांत दोन बादल्या, अंगणातल्या नळावरून भरलेल्या. नोरीन पहिली पायरी चढली. दुसऱ्या पायरीवर बूट झग्याच्या पुढच्या काठावर पडला. ती पुढे झुकली, सावरली, आणि अर्धी बादली स्वतःच्याच बुटांत ओतली.

"झगा उचल की वर, राणीसाहेब," बेरिल आतून म्हणाली.

"कुठल्या हाताने? तिसऱ्या?"

नोरीन बोलली आणि तिथेच थांबली. तोंडातून काहीतरी नेमकं निघून गेलं होतं आणि ते काय होतं ते तिला लगेच धरता आलं नाही. ती तशीच आत गेली.

कपडे भिजवणं झालं, बडवणं झालं, खळबळून काढणं झालं. मग मँगल. माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा लोखंडी सांगाडा, एकावर एक दोन जाड लाकडी रूळ, आणि उजव्या बाजूला मोठं चाक. डाव्या हाताने ओली चादर रुळांमध्ये सारायची आणि उजव्या हाताने चाकाचा दांडा फिरवायचा. पाणी खाली निथळतं, चादर पलीकडून सपाट होऊन येते. पूर्वी ह्या गल्लीत कुणाचा नवरा गिरणीत किंवा खाणीत दगावला की शेजारीपाजारी मिळून त्याच्या बायकोला एक मँगल घेऊन देत. मग सगळी गल्ली आपलं धुणं तिच्याकडे पिळायला नेई. बाईचं घर चाले.

"टेड गेला तेव्हा मला कुणी मँगल दिलं नाही," नोरीन चादर सारत म्हणाली.

"पाई दिल्या की. अकरा. मी मोजल्या होत्या. सगळ्या तूच खाल्ल्यास."

नोरीनने चाक फिरवलं. एक फेरा, दोन फेरे. दांडा पलीकडे जाताना तिचा हात पूर्ण लांब होई आणि खांद्यामागे कापड ताणलं जाई. सहाव्या फेऱ्याला तिला ते पाठीत जाणवलं. सातव्याला आवाज आला. शिवण उसवल्याचा तो आवाज नव्हता, तो तिला झोपेतही ओळखू आला असता. कापड फाटलं होतं. उजव्या खांद्याच्या मागे, शिवणीपासून दोन बोटांवर, उभं, तळहाताएवढं.

बेरिल पाई खायची थांबली.

"गेला," ती हळू आवाजात म्हणाली. "अगं, आता शनिवारी काय करशील?"

नोरीन उलट्या बादलीवर बसली. बुटांत पाणी होतं. पाठीला वारा लागत होता. पाच आठवडे, वीस सुया रोज. तिला वाटलं, ती मुलगी बरोबर होती. ह्या झग्यात काम करताच येत नाही. कुणीतरी हौसेने जोडला, रंगमंचावर दोन तास मिरवला, पेटीत टाकला. आणि मी त्याच्यासाठी गावासमोर तोंड उघडलं.

मग तिचा हात मागे गेला आणि अंगठा त्या फाटलेल्या जागेवर टेकला.

अंगठ्याला ती जागा ठाऊक होती.

"उठ," ती बेरिलला म्हणाली. "माळ्यावर चल."

"पाई गार होईल."

"होऊ दे."

माळ्यावर तिने एकशे बारा क्रमांकाचं खोकं उघडलं, हात कोरडे पुसले आणि मूळ झगा पालथा केला. उजव्या खांद्यामागे, शिवणीपासून काही अंतरावर, उभं रफू होतं. तळहाताएवढं. मापं घेताना तिने ते पाहिलं होतं आणि कसर लागली असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता तिने मुंढ्याच्या आतली दुमड दोन नखांनी अलगद उघडली आणि डोळा जवळ नेला. तिथे भोकांची एक ओळ होती. दोरा नसलेली, रिकामी, बारीक. जुन्या शिवणीची भोकं. ती मुंढ्याच्या काठाने गोल जात होती, अगदी सरळ, अगदी एकसारखी. इंचाला बारा.

"काय आहे?" बेरिल म्हणाली. "बोल की. भूत बघितल्यासारखी काय करतेस?"

"बाही आधी सरळ होती," नोरीन म्हणाली. "तिने सरळच लावली होती. माझ्यासारखी. मग काम करताना इथेच फाटलं, माझ्यासारखं. मग तिने रफू केलं, बाही उसवली, पुढे सरकवली आणि काखेत तुकडा घातला. हात लांब जावा म्हणून."

बेरिल वाकून पाहत राहिली. तीही कारखान्यातलीच. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"आणि डावी?"

"डाव्या हाताला लांब जायची गरजच नव्हती. तो चादर सारत होता." नोरीनने झग्याचा पुढचा काठ उचलला. "आणि घेर पुढून आखूड. दोन्ही हातांत बादल्या असताना झगा उचलणार कोण?"

खाली अंगणात कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. नोरीनला त्या बाईचा चेहरा दिसला वगैरे काही झालं नाही. तिला फक्त एक अंगठा जाणवला, आपल्या अंगठ्यासारखाच, जो सरळ रेषेवर थांबायला शिकलेला होता आणि ज्याला एके दिवशी ती रेष सोडून पुढे जावं लागलं. ते किती जड गेलं असेल ते तिला माहीत होतं.

"आणि मी ते दुरुस्त केलं," ती म्हणाली. "एवढी अक्कल."

"अक्कल राहू दे. दोन दिवस आहेत. मी घेर करते, तू बाही कर."

गुरुवारी आणि शुक्रवारी दोघी खिडकीत बसल्या. बेरिलने पुढचा घेर दोन बोटं वर घेतला. नोरीनने फाटलेलं रफू केलं, बाही उसवली. मग ती नव्या जागी टाचायला घेतली. हात ऐकेना. टाचणी लावायची, अंगठा कापड मागे ओढायचा. पुन्हा लावायची, पुन्हा मागे. शेवटी तिने बेरिलला टाचण्या लावायला सांगितलं आणि स्वतः भिंतीकडे बघत टाके घातले.

"एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वाकडं शिवतेयस," बेरिल म्हणाली. "मुकादम असता तर रडला असता."

"मुकादमाने कधी मँगल फिरवलं होतं?"

शनिवारी ऊन होतं. अंगणात साठसत्तर माणसं आली. नोरीन सकाळी दहाला पहिल्या बादल्या घेऊन तीन पायऱ्या चढली आणि तिने खाली पाहिलंही नाही. फिलिपा भिंतीशी वही घेऊन उभी होती. क्लिफर्ड हातात यादी धरून तिच्या शेजारी.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, रोज एवढं करायच्या?"

"रोज नाही. सोमवारी. बाकीच्या दिवशी बाकीचं होतं ना."

"आणि झगा तुमच्या मापाला कुठून मिळाला?"

"मिळतोय कुठला! पाच आठवडे खिडकीत बसून शिवलाय."

दुपारपर्यंत तिने बावीस चादरी मँगलमधून काढल्या. चाक फिरत राहिलं, पाणी निथळत राहिलं, उजवा हात पार पलीकडे जाऊन परत येत राहिला आणि खांद्यामागे काहीही ताणलं गेलं नाही. बाहेरून बघताना बाही बेढबच दिसत होती. हात खाली सोडला की काखेत गोळा व्हायची. पण तो झगा हात खाली सोडण्यासाठी शिवलेलाच नव्हता.

चार वाजता माणसं पांगली. क्लिफर्डने मूळ झगा खाली आणवला आणि तो टेबलावर पसरला. नोरीनने फिलिपाला रफू दाखवलं, आपल्या पाठीवरचं रफू दाखवलं, आणि मग आतली रिकाम्या भोकांची ओळ. फिलिपाने खिशातून भिंग काढलं. ती इतका वेळ वाकून बघत राहिली की क्लिफर्डने दोनदा घसा खाकरला.

"मी आतून पाहिलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "दोन दिवसांत दोनशे होते. पण ते कारण नव्हे. बाहेरून वाकडं दिसलं, म्हणून आत बघितलं नाही."

"मी तर दहा वेळा बघितलं," नोरीन म्हणाली. "तरी सरळ केलंच ना?"

फिलिपाने भिंग खाली ठेवलं. "पण नोरीन, एक सांगू? एवढ्यावरून ती मँगल चालवणारी होती असं म्हणता येणार नाही."

"मी म्हणतच नाही. तिचं नाव काय, नवरा होता की नव्हता, मला काही ठाऊक नाही. ही बाही मुद्दाम अशी केली आहे, एवढंच माझं म्हणणं. उजवा हात लांब टाकून करायचं काहीतरी काम ती करत होती आणि खूप करत होती. कोणतं, ते तू शोध. तुझं शिक्षण त्यासाठीच आहे."

"कदाचित आधीच्या बाईचा झगा नंतरच्या बाईने आपल्या अंगाला बसवून घेतला असेल, आणि..."

"पोरी," नोरीन एप्रन सोडत म्हणाली, "बोलून काय होणार? घाल हा माझा."

बेरिलने दोघींना पडद्याआड नेऊन नोरीनचा झगा फिलिपाच्या अंगावर चढवला. फिलिपा बाहेर आली तेव्हा तपकिरी झग्याच्या खाली तिचे पांढरे कापडी बूट दिसत होते आणि पुढचे हुक टाचण्यांनी आवळलेले होते. क्लिफर्ड हसू दाबायला यादीच्या मागे गेला.

"उजव्या हाताने फिरव," नोरीनने सांगितलं.

फिलिपाने चाक फिरवलं. आधी भीत, मग जोरात. दहा फेरे झाले.

"आता पलीकडे जाऊन उभी राहा. म्हणजे दांडा डाव्या हाताला येईल. फिरव."

दुसऱ्याच फेऱ्याला तिची भुवई वर गेली. तिसऱ्याला तिचा खांदा अडला. चौथ्याला डाव्या मुंढ्यातून दोऱ्याची बारीक करकर ऐकू आली, एवढी स्पष्ट की क्लिफर्डलाही कळली. फिलिपा जागच्या जागी थांबली, हात अर्ध्यावर.

"अजून एक फेरा घेतलास तर फाटेल," नोरीन म्हणाली. "कुठे फाटेल ते तुला माहीत आहे."

फिलिपाने हात सावकाश खाली घेतला. मग क्लिफर्डने पेन्सिल काढली, यादी भिंतीला टेकवली आणि एकशे बारावर आडवी रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर सवयीने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मग ह्याच्या पाटीवर काय लिहायचं?" त्याने विचारलं. "बेढब हा शब्द तर..."

"काढा तो," फिलिपा म्हणाली.

"लिहा, उजवी बाही आधी सरळ होती," नोरीन म्हणाली. "फाटली म्हणून पुढे घेतली. बस, एवढंच. बाकी ज्याला बघायचं तो बघेल."

तिने दोन्ही हातांनी मूळ झगा उचलला आणि खोक्यात ठेवला. डावी बाही खाली दुमडली आणि उजवी वर, उघडी ठेवली. मग ती झाकण लावायला लागली. फिलिपा अजून मँगलपाशीच होती. टाचण्या काढायला बेरिल तिच्यामागे ताटकळत होती. फिलिपा चाकाला वळसा घालून पुन्हा पहिल्या बाजूला आली, आणि तिने दांडा उजव्या हातात धरला.

"नोरीन, पिळायची राहिलेली एखादी चादर आहे का हो?"

"टोपलीत तीन आहेत," नोरीन म्हणाली. "चौघडी घालून सार. आणि डाव्या हाताची बोटं सांभाळ."